समोरच्याचं पान

निंबार्ते सरांना मी कधी बस पकडताना पाहिलं नाही. बस यायच्या अर्धा तास आधीच ते थांब्यावर उभे असत, त्यामुळे बसच त्यांना पकडायला येते असं वाटे. एका हातात डब्याची पिशवी आणि दुसऱ्या हातात छत्री. छत्री बाराही महिने. एकदा एप्रिलच्या रखरखत्या उन्हात मी विचारलं, "सर, आता कुठला पाऊस?"

"पाऊस नाही मॅडम," ते म्हणाले. "पण समजा, आला?"

हे 'पण समजा' त्यांचं पालुपद. खडू घेतला तरी 'पण समजा तुटला' म्हणून दुसरा खिशात. मुलांनी त्यांचं नावच 'पणसमजा सर' ठेवलं होतं आणि ते त्यांना माहीत होतं. रागवायचे नाहीत. रागावलो आणि पण समजा मुलांनी वर्गात येणंच सोडलं, अशी भीती असणार.

आमची शाळा कोंढ्याहून थोडी पुढे, चहूकडून धानाच्या बांध्या, म्हणजे बांध घातलेली शेतं, मागे तलावाची पाळ. पाचवी ते बारावी. मी तिथे मराठी शिकवते. माझी नोकरी पक्की आहे आणि पक्क्या नोकरीतून येणारा आळशी निर्धास्तपणा माझ्यात भरपूर आहे. सर शहापूरहून यायचे आणि अकरावी-बारावीला इंग्रजी शिकवायचे. अकरा वर्षं तासिका तत्त्वावर, म्हणजे घेतले तेवढेच तास आपले आणि दर जूनमध्ये नव्याने अर्ज. त्या वर्षी आमचे जुने इंग्रजीचे शिक्षक निवृत्त झाले आणि त्यांची कायमची जागा मोकळी झाली. डिसेंबरपर्यंत संस्थेनं एक नाव वर पाठवायचं होतं. सरांचं वय मर्यादेच्या अगदी काठावर होतं. यंदा नाव गेलं तर गेलं, नाहीतर ते दार कायमचं बंद. हे साऱ्या स्टाफरूमला ठाऊक होतं. सरांना तर झोपेतही ठाऊक असेल.

जूनमध्ये त्यांनी आपल्या प्रमाणपत्रांचे तीन संच काढले. एक घरी, एक पिशवीत, एक माझ्या कपाटात. "पण समजा, घरी काही झालं आणि त्याच दिवशी पिशवी हरवली?"

"आणि त्याच दिवशी माझ्या कपाटात कसर लागली तर?" मी चिडवायला म्हटलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी डांबरगोळ्यांची पुडी आणून माझ्या हातात दिली. मला हसू आलं, आणि मग का कोण जाणे, थोडं वाईटही वाटलं.

असा घाबरट माणूस मुलांना काय शिकवायचा, तर दुसऱ्याला पटवून देणारं लेखन. एक बाजू घ्या, मुद्दे मांडा, वाचणाऱ्याला पटवा. बहुतेक ठिकाणी हे गाइडातून पाठ करून घेतात. मोबाइल शाप की वरदान, वर एक सुविचार, खाली एक 'अशा प्रकारे', झाला निबंध. सरांच्या वर्गात दोन पानं लिहावी लागत. पहिलं पान समोरच्याचं. ज्याला पटवायचं त्याचं म्हणणं, त्याच्या अडचणी, त्याची भीती, त्याला स्वतःलाही मांडता येणार नाही इतक्या चांगल्या रीतीनं लिहायची. दुसरं पान आपलं.

यासाठी त्यांनी स्टाफरूममधली एक हात तुटलेली लाकडी खुर्ची मागून नेली होती. त्या खुर्चीत एक विद्यार्थी 'समोरचा' म्हणून बसे. त्याचं काम एकच, नाही म्हणायचं, आणि तेही मनापासून. आधी पहिलं पान वाचून दाखवायचं. ते ऐकून खुर्चीतला म्हणाला की हो, माझं म्हणणं हेच आहे, आणि त्यानं पानाखाली सही केली, तरच दुसरं पान उलटायचं. सही नाही मिळाली तर पुन्हा लिहा. माझा वर्ग शेजारीच असल्यामुळे मला सगळं ऐकू यायचं.

"तुमी त्याले पटवाले चालले," सरांचा आवाज यायचा. वर्गात ते इंग्रजी सोडून मधेच आपल्या घरच्या बोलीवर यायचे. "पण तो मानूस कायले भेऊन राहिला, हे मालूम हाय का तुमाले? नसन मालूम त पेन खाली ठेवा."

मला वाटतं, या विषयात त्यांच्याइतका जाणकार दुसरा नव्हता. ज्याला रात्रंदिवस समोरचा काय म्हणेल हीच धास्ती, त्याला समोरच्याचं पान लिहायला कितीसा वेळ लागणार?

धडे-कविता शिकवायचे तेही असेच. एकदा पुस्तकात एका म्हाताऱ्याची गोष्ट होती. हा म्हातारा येणाऱ्या-जाणाऱ्यावर खेकसायचा, कोणाला घरात टेकू द्यायचा नाही. मुलांनी गाइडातलं उत्तर दिलं की म्हातारा उद्धट आणि स्वार्थी आहे. सरांनी गाइड मिटून बाजूला ठेवलं. "गाइडले भेव नसते, म्हणून त्याले मानसातलं काही समजत नाही. म्हाताऱ्याले कायचा भेव हाय, ते शोधा."

अर्धा तास नुसता पानं उलटल्याचा आवाज येत होता. मग प्राचीचा आवाज आला. प्राची म्हणजे देवरावजी लांजेवारांची धाकटी मुलगी. बोलताना हनुवटी पुढे काढायची आणि चुकली तरी मागे घ्यायची नाही. ती म्हणाली, "सर, एका ओळीत लिवलं हाय का त्याच्या फळीवर दोनच कप हायेत, अन् त्यातल्या एकाचा कान तुटला हाय. कोणी चहाले थांबन, याचा भेव हाय त्याले."

तास संपल्यावर सर स्टाफरूममध्ये आले आणि मला म्हणाले, "मॅडम, आज काम झालं." दिवसभर डब्यालाही हात लावला नाही. पण समजा, उद्या एवढा चांगला तास झाला नाही तर, याची काळजी लागली होती.

त्या दोन पानांनी एक खरं कामही केलं. गावातून भंडाऱ्याला जाणारी बस साडेचारला सुटायची आणि शाळा सुटायची पाचला. आजूबाजूच्या गावांतल्या मुली साडेसहाच्या बससाठी थांबायच्या, थंडीत अंधार पडायचा. सरांनी अकरावीकडून आगारप्रमुखांना पत्र लिहून घेतलं. प्राचीला खुर्चीत बसवलं. तिनं आगारप्रमुख होऊन नऊ वेळा नाही म्हटलं. चालकाची जेवणाची वेळ, परतीची फेरी, कमी प्रवासी, काय काय कारणं काढली! दहाव्या मसुद्यावर सही झाली. पत्र गेलं, आणि महिन्याभरात बस सव्वापाचची झाली. शाळेत पेढे वाटले.

मला नंतर कळलं की सरांची शहापूरला सहाची शिकवणी होती. तासिका तत्त्वावरचे म्हणून ते चारलाच मोकळे व्हायचे आणि साडेचारची बस त्यांच्या सोयीची होती. नव्या वेळेनं शिकवणी बंद पडली.

"सांगायचं नाही का आधी?" मी चिडून म्हटलं.

"माझी अडचण सांगितली असती तर मुलींचा अर्ज कमजोर झाला असता," ते म्हणाले आणि पेढ्याचा कागद नीट घडी करून खिशात ठेवला.

मला त्यांचा हा स्वभाव कधीच मानवला नाही. स्वतःच्या बाबतीत ते पहिल्या पानावरच थांबायचे.

त्या वर्षी पाऊस लवकर आटोपला. ऑक्टोबरात धान निसवायला लागला, लोंब्या बाहेर पडू लागल्या, आणि नेमकं तेव्हाच पाणी हवं असतं. पाणी तलावात होतं. पण तलाव एकट्या शेतकऱ्यांचा नाही. त्यात मासेमारांच्या संस्थेचं मत्स्यबीज असतं. पाणी फार उतरलं तर उन्हाळ्यापर्यंत मासोळी टिकत नाही. तुडूम उघडायचं की नाही, म्हणजे तलावाचं पाणी सोडायचं दार किती दिवस उघडं ठेवायचं, यावरून गावात दर दुष्काळी वर्षी ताणाताणी होते. त्या वर्षीही झाली.

अकरावीच्या वर्गात दोन्हीकडची मुलं. ती एकमेकांशी बोलेनाशी झाली, बाकं वेगळी झाली. सरांना रात्रभर झोप लागली नसावी, कारण सकाळी डोळे लाल होते. त्यांनी वर्गाला काम दिलं. शेतकऱ्यांच्या मुलांनी मासेमारांच्या बाजूनं पत्र लिहायचं आणि मासेमारांच्या मुलांनी शेतकऱ्यांच्या.

"सर, हे जरा जास्त होतंय," मी म्हटलं.

"होय. पण समजा, नाही केलं तर? ही मुलं आणखी दीड वर्ष एका खोलीत बसणार आहेत."

प्राचीचे वडील देवरावजी पाणी वाटप समितीचे अध्यक्ष, शिवाय आमच्या शाळेच्या संस्थेवर. आणि त्यांच्याच मुलीनं मासेमारांची बाजू अशी काही मांडली की खुर्चीत बसलेली ढिवर मोहल्ल्यातली, म्हणजे मासेमारांच्याच घरची, रोशनी रडवेली झाली. रोशनीनंही शेतकऱ्यांची बाजू तितकीच छान लिहिली होती. त्या दिवशी दोघी डब्याला एकत्र बसल्या. सर इतके खूश झाले की त्यांनी दोघींची पत्रं फलकावर लावली. मी त्यांना अकरा वर्षांत एकदाच बेसावध पाहिलं, ते त्या दिवशी.

शनिवारी पालकसभा होती. रोशनीचे काका आले, त्यांनी फलकावरून प्राचीच्या पत्राचा फोटो काढला. फक्त दुसऱ्या पानाचा. आपलं म्हणणं पहिल्यांदाच इतक्या चांगल्या इंग्रजीत त्यांच्या हातात आलं होतं. त्यांनी तो कागद आपल्या अर्जाला जोडून भंडाऱ्याला पाटबंधारे कार्यालयात दिला, यात मी त्यांना दोष देत नाही. तिथल्या साहेबानं अर्ज वाचला आणि तलावाची मोजणी होईपर्यंत तुडूम बंद ठेवायला सांगितलं. मोजणी व्हायला आठ दिवस लागले. मोजणीत निघालं की दोघांपुरतं पाणी होतं. पण तोवर शेवटच्या बांध्यांमधला धान सुकला होता. आणि व्हॉट्सअॅपवर तो फोटो साऱ्या तालुक्यात फिरला होता, खाली प्राचीचं नाव, हजेरी क्रमांकासकट.

देवरावजी मधल्या सुट्टीत आले. हातात धानाच्या चार लोंब्या. स्टाफरूममध्ये येऊन त्यांनी त्या सरांसमोर टेबलावर ठेवल्या.

"मास्तर, हे दाबून पाहा. काही हाय का आत?"

सरांनी एक दाणा नखानं दाबला. पोचट होता. दुसरा दाबला, तोही तसाच.

"माह्याच पोरीच्या हातानं माह्याच धानाचं पाणी बंद केलं तुमी," देवरावजी म्हणाले. आवाज चढला नव्हता, त्यामुळे जास्त भीती वाटत होती. "घरी धान खाते अन् लिवते मासोळीचं. काहून शिकवता असं?"

मी मधे पडणार होते. वर्गातला अभ्यास होता, फोटो काढणारे दुसरे, मोजणीला उशीर करणारे तिसरे, हे सगळं माझ्या जिभेवर होतं. पण सर उठले, म्हणाले, "बसा ना, देवरावजी." तेव्हा ती हात तुटलेली खुर्ची तास संपल्यामुळे परत आलेली होती आणि तेवढीच मोकळी होती. देवरावजी तिच्यात बसले.

"तुमचं अजून पूर्ण बोलून झालं नाही," सर म्हणाले. "तुमी अध्यक्ष. आपल्याकडे रिवाज हाय का अध्यक्षाची पाळी सर्वाईच्या शेवटी. म्हणून आठ दिवस पाणी थांबलं, त वाळल्या त्या तुमच्याच बांध्या. वरतून लोक म्हणून राहिले का अध्यक्षाच्या घरातूनच पत्र गेलं. धानाचं दुःख हायच. पण चार लोकाईत मान खाली गेली, ते जास्त. अन् तुमाले सर्वात मोठा भेव हा हाय, का पोरगी शिकली त उद्या आपल्याच विरोधात उभी राहीन."

देवरावजी खुर्चीत पुढे सरकले. "बाप्पा! मास्तर, एवढं त मी नाही बोललो."

"पण बरोबर हाय का?"

"बरोबर हाय."

पहिल्या पानाला सही मिळाली होती. आता दुसरं पान उलटायची हीच वेळ, सर, बोला, असं मी मनात ओरडत होते. सर बोलले नाहीत. ते टेबलावरच्या लोंब्यांकडे पाहत राहिले. देवरावजी उठले, दारात थांबले.

"म्या संस्थेले तुमच्या नावानं अर्ज देल्ला हाय. आता वापस नाही घेऊ शकत. लोक काय म्हणतीन?"

"नका घेऊ," सर म्हणाले. "बरोबर हाय तुमचं."

चार दिवसांनी संस्थेचं पत्र आलं. लेखी खुलासा द्या. खुलासा पाहून नाव पाठवायचं की नाही ते ठरेल.

सरांनी तो खुलासा लिहायला आठ दिवस घेतले. त्या आठ दिवसांत ते डबा उघडून तसाच बंद करायचे. माझ्या कपाटातला प्रमाणपत्रांचा संच दोनदा काढून मोजला. शेवटी मराठी तपासायला म्हणून कागद माझ्याकडे आणला. अर्थातच दोन पानं.

पहिलं पान मी आधी वाचलं. त्यांच्याविरुद्ध जे जे म्हणता येईल ते सगळं तिथे होतं. शिक्षकानं गावाच्या भांडणात मुलांना ओढलं. अल्पवयीन मुलीचं नाव उघड्यावर येऊ दिलं. पत्र फलकावर लावताना ते बाहेर जाऊ शकतं एवढं भान ठेवलं नाही. एका कुटुंबाचं पीक गेलं, आणि ज्याच्या हातून इतकी चूक होते त्याच्या हाती वर्ग कायमचा द्यावा का, हा संस्थेचा प्रश्न रास्त आहे. संस्थेच्या सचिवांना सात जन्मांत असं लिहिता आलं नसतं. आणि खाली सरांची स्वतःची सही! दुसऱ्या पानावर त्यांची बाजू होती. शांत, नेटकी, वाचणाऱ्याला विचार करायला लावणारी. पण ती दुसऱ्या पानावर होती.

"सर, पानं उलटी लावा," मी म्हटलं. "नाहीतर पहिलं फाडून टाका. तुमच्या पाया पडते. ही माणसं वर्गात बसलेली नाहीत. त्यांना तुमची पद्धत माहीत नाही."

"मुलांना एक शिकवायचं आणि आपल्यावर आलं की दुसरं लिहायचं?"

"हो! नोकरीसाठी एवढं करतात लोक."

त्यांनी कागद परत घेतला. टाचणी काढली. मला वाटलं, ऐकलं. त्यांनी पानं नीट जुळवली आणि टाचणी पुन्हा तशीच लावली. "पण समजा, प्राचीनं विचारलं, की सर, तुम्ही कसं लिहिलं? तर मी काय सांगू?"

सभेला शिक्षकांची प्रतिनिधी म्हणून मी होते. हे मला लपवता आलं असतं तर बरं झालं असतं. सचिवांनी चष्मा लावला आणि खुलासा मोठ्यानं वाचायला घेतला. पहिलं पान संपलं. मग एक सभासद म्हणाले, "हे त सरानं सोताच कबूल केलं ना सारं!" दुसरे म्हणाले, "इमानदार मानूस हाय बिचारा. पण कबूल केल्यावर आपल्याले काय करता येते?" सचिवांनी कागद पालथा ठेवला.

"मागे आणखी एक पान आहे," मी म्हटलं.

"आता कायले मॅडम? कबुलीनंतर वाचाचं काय रायते?"

मी आणखी एकदा म्हणायला हवं होतं. उठून कागद हातात घेऊन वाचायला हवा होता. अठरा वर्षांची पक्की नोकरी माझी. मला कोण काय करणार होतं? पण सगळे माझ्याकडे पाहत होते, चहा आला, आणि मी गप्प बसले. देवरावजी समोरच होते. त्यांनी सबंध सभेत मान वर केली नाही. दुसऱ्या एका उमेदवाराचं नाव वर गेलं.

बाहेर गाड्यांपाशी देवरावजी माझ्याजवळ आले. किल्ली बोटात फिरवत उभे राहिले. "मॅडम, दुसरं पान म्या मांगाले पायजे होतं," ते म्हणाले. "म्या मांगतलं असतं त वाचलं असतं त्याईनं." त्यांच्यापेक्षा माझ्या शब्दाला कमी वजन होतं असं म्हणून मला सुटता आलं असतं, पण ते खरं नव्हतं.

सर सत्र संपेपर्यंत येत राहिले. नवे शिक्षक जूनमध्ये येणार होते. सरांनी एकही तास बुडवला नाही. फलकाला मात्र पुन्हा कधी काही लावलं नाही. एखादं पत्र चांगलं झालं तर वर्गात वाचायचे, मुलाला परत द्यायचे आणि दप्तरात ठेवलेलं डोळ्यांनी पाहिल्याशिवाय पुढे जायचे नाहीत. देवरावजींनी प्राचीला शाळेतून काढलं नाही. तीही त्या वर्षी फार कमी बोलली. हनुवटी आत गेली होती, आणि ते पाहून सरांना काय वाटत असेल ते मला कळायचं.

सत्राच्या शेवटच्या दिवशी चारच्या सुमाराला मी त्यांच्या वर्गावरून जात होते. आत खुर्ची मधोमध ठेवलेली होती आणि तिच्यात सर बसले होते. समोर प्राची उभी, हातात दोन कागद. बाकी वर्ग आपापल्या बाकांवर. मी दारातच थांबले.

तिकडे आंबागडच्या बाजूला एका निवासी शाळेला इंग्रजीचा शिक्षक हवा होता. विनाअनुदानित, त्यामुळे वयाची अट नव्हती. जाहिरात प्राचीनं आणली होती. सरांनी अर्ज करावा हे तिला पटवायचं होतं, आणि सर खुर्चीत असल्यामुळे त्यांना नाही म्हणायचं होतं. ते काम त्यांना जड नव्हतं.

प्राचीनं पहिलं पान, म्हणजे सरांचंच म्हणणं, इंग्रजीत वाचायला सुरुवात केली. ती जागा लांब आहे आणि मला शहापूर सोडवणार नाही. ते इथे फोन करून विचारतील आणि तलावाची गोष्ट त्यांना कळेल.

"पण समजा," सर म्हणाले, "त्यांनी विचारलं की अकरा वर्षांत कायम का झाला नाही—"

"ते तिसरं हाय सर," प्राची म्हणाली आणि वाचलं.

"आणि समजा, माझ्यापेक्षा तरुण—"

"चौथं."

वर्गात थोडं हसू आलं. सरांनाही आलं असतं, पण प्राची थांबली नाही. तिची हनुवटी पुढे आली होती. तिनं शेवटचा मुद्दा वाचला. मी मराठी शिकवणारी बाई, पण तेवढं इंग्रजी मला समजलं. तिनं सरांच्या वतीनं लिहिलं होतं की मला दुसऱ्या कशाचीच एवढी भीती नाही. भीती ही आहे, की मी पुन्हा शिकवीन, आणि पुन्हा कोणाच्या तरी बांध्या वाळतील.

सरांनी चष्मा काढला. पुसून पुन्हा लावला. प्राचीनं पान त्यांच्यापुढे धरलं आणि पेन दिलं. "सर, तुमचं म्हननं हेच हाय का?"

सरांनी सही केली. मग दुसरं पान उलटलं.

ते कोरं होतं. वर फक्त एवढंच लिहिलं होतं, आपलं पान.

"ते तुमी लिवा सर," प्राची म्हणाली. "फक्त तेच धाडजा. पहिलं माह्यापाशी ठेवतो."

मी तिथून निघाले, कारण माझं रडं मुलांनी पाहावं असं मला वाटत नव्हतं. स्टाफरूममध्ये जाऊन उगाच कपाट आवरलं. डांबरगोळ्या संपत आल्या होत्या. सरांचा प्रमाणपत्रांचा संच मी पाकिटात घालून वर त्यांचं नाव लिहिलं.

पाच वाजून गेल्यावर मी ते पाकीट घेऊन स्कूटीवरून निघाले. सर थांब्यावरच होते. पण उभे नव्हते. थांब्याच्या कट्ट्यावर बसले होते, डब्याची पिशवी मांडीवर आडवी, तिच्यावर कागद, आणि ते लिहीत होते. छत्री बाजूला खाली पडली होती.

सव्वापाचची बस आली. मुली चढल्या. कंडक्टर ओळखीचा, त्यानं दारातून वाकून हाक मारली, "सर, चलता का?"

सरांनी मान वर केली नाही. डाव्या हातानं नुसतं 'जा' केलं आणि पान संपत आलं म्हणून अक्षर बारीक केलं. कंडक्टरनं घंटी दिली. बस सुटली, पाळीवरून वळली आणि दिसेनाशी झाली.

पुढची बस साडेसहाला. मी ते सांगायला स्कूटी बंद केली होती. मग सांगितलं नाही.